एका लिफ्टचे खाली येणे

मी एक जुनी लिफ्ट आहे. 'आहे' हे सवयीने म्हणते, कारण आता मी कुठेच जात नाही. पण बरीच वर्षे मी घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, नवजीवन वाडीच्या बावीस मजली इमारतीत माणसे वरखाली नेत होते. मित्रांनो, माझी गोष्ट सांगते. तिच्यात चकाकणारे फारसे काही नाही, तरी ऐका.

माझा जन्म ठाण्यापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, घासून लख्ख केला. एका बाजूला आरसा लावला, वर पंखा बसवला, दाराशेजारी आकड्यांची पट्टी जोडली. माझ्याबरोबर माझी बहीण घडली, हुबेहूब माझ्यासारखी. आम्हा दोघींना एकाच ट्रकमधून वाडीत आणले आणि शेजारशेजारच्या शाफ्टमध्ये दोरांवर टांगले. आम्ही एकमेकींना कधी पाहिले नाही. ती वर जाताना भिंतीपलीकडून तिची घरघर तेवढी ऐकू यायची.

माझ्यात उभे राहून लोक बोलत, त्यातून मला वाडीची हकिगत कळली. पूर्वी इथे उतारावर पत्र्याची आणि विटांची बैठी घरे होती. कोणी कुडाळ-मालवणकडचे, गिरणी सुटल्यावर मिळेल ते काम धरलेले. कोणी सातारा, जालन्याकडचे. गावाकडून माणसे येत राहिली, इथे पोरे होत राहिली, जमीन मात्र होती तेवढीच राहिली. मग एक बिल्डर आला. त्याने वाडीच्या जागेचे दोन वाटे केले. मोठ्या वाट्यावर विकायचे मनोरे, आणि लहान वाट्यावर वाडीतली सगळी घरे, एकावर एक. आडवी वस्ती उभी झाली. नियमाने सोडावी लागते म्हणून इमारतीपुढे थोडी मोकळी माती सोडली. लोक तिला अंगण म्हणू लागले.

पहिल्या दिवशी माझ्यापुढे नारळ फोडला. कोणी माझ्या दाराला हळदकुंकू लावले. पोरे दिवसभर उगाच वर जात होती आणि खाली येत होती. त्या दिवशी द्रौपदी आणि खंडू पहिल्यांदा माझ्यात चढले. खंडू साकीनाक्याच्या एका छापखान्यात पुस्तके बांधायचे. द्रौपदी चार घरी स्वयंपाक करायची. दार लागले तशी द्रौपदीने नवऱ्याची बाही घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

"डोळं उघड की," खंडू म्हणाले. "घरला चाललोय, सरगात न्हाई."

घर त्यांना सोडतीत लागले होते, एकोणिसाव्या मजल्यावर. जुन्या वाडीत त्यांच्या दारासमोर मालनचे दार होते, मध्ये एक खाट मावेल एवढी वाट. मालन कोकणातली, नवरा गेलेला, एक मुलगा सिद्धेश. तिला तिसरा मजला लागला. या दोघींनी वीस-बावीस वर्षे एका नळावर पाणी भरले होते, एकमेकींच्या पोरांना झोडपले होते. आता त्यांच्यामध्ये सोळा मजले आले, आणि ते मजले पार करायला मी होते.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. संध्याकाळी खंडू खाली अंगणातल्या बाकावर बसायचे. कोणाचे पाठ्यपुस्तक फाटले असले की दाभण आणि दोरा घेऊन शिवून द्यायचे. मालन तिसऱ्या मजल्यावर माझी वाट बघत उभी असायची, हातात झाकलेली वाटी. "वर चाललंय गो, द्रौपदीक तिरफळां घालून बांगड्याची कढी आवडता," असे ती माझ्यातल्या कोणालाही सांगायची. मी तिला वर नेई. येताना वाटी कधी रिकामी नसे.

मग माणसे वाढली. ज्या घरात चार जण आले होते तिथे सुना आल्या, नातवंडे झाली. कोणी गावी गेले आणि भाडेकरू ठेवून गेले. एका खोलीत सहा-सहा जण राहू लागले. गॅसची टाकी, फ्रीज, फरशा, वाळूच्या गोण्या, लग्नाची भांडी, सारे माझ्यातूनच वर गेले. आम्ही दोघी बहिणी सकाळी माणसे घेऊन निघायचो त्या रात्री उशिरापर्यंत थांबायचो नाही. देखभालीचा माणूस आधी दर महिन्याला यायचा, मग सांगितल्यावर यायचा, मग सांगूनही येईनासा झाला. बिल्डर म्हणायचा, इमारत तुमच्या ताब्यात दिली. सोसायटी म्हणायची, आधी नीट करून द्या, मग ताब्यात घेतो. दोन्हीकडचे लोक हे भांडण माझ्याच पोटात उभे राहून भांडायचे.

एक दिवस माझी बहीण बंद पडली. तिला दुरुस्त करायला आलेल्या माणसांनी तिचे चांगले भाग काढले आणि मला बसवले. तेव्हापासून भिंतीपलीकडून काही ऐकू आले नाही. मला काय वाटले असे विचाराल तर सांगता येणार नाही. तिच्या भागांवर मी चालत होते, एवढेच.

खंडूंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी सातव्या मजल्यावर अडकून पडले होते, रिकामी. दुपारची वेळ होती. वरून पावलांचा आणि ओरडण्याचा आवाज आला. त्यांचा मुलगा विशाल सांताक्रूझला विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. त्या दिवशी त्याची सुटी होती म्हणून बरे. त्याने आणि सिद्धेशने खंडूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणले. जिन्यावर लोकांच्या सायकली, पाण्याचे पिंप, चपलांची कपाटे. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी आधी वस्तू हलवायची, मग खुर्ची पुढे जायची. सातव्यावरून ती गेली तेव्हा माझ्या दाराच्या फटीतून मला खंडूंचा एक पाय दिसला. पायात चप्पल नव्हती.

ते वाचले. महिन्याभराने घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता, आणि जिभेवर शब्द येत तेही अर्धे. त्यांना पुन्हा खुर्चीत बसवून जिना चढवायला घेतला, कारण मी अजून बंदच होते. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवली. विशाल धापा टाकत होता. मालनने दार उघडले.

"हंयच ठेवा तेंका," ती म्हणाली.

"मालनकाकू, दोन मिनिटं दम घेतो आणि निघतो," विशाल म्हणाला.

"वर नेऊन तेंका मारतलात काय? आणि उद्या मालिशवाल्याकडे न्यायचं तर परत खाली आणणार? हंय खाट आसा. ठेवा म्हणतंय ना."

 द्रौपदीने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि त्यांची पिशवी मालनच्या दारात ठेवली.

चार दिवसांसाठी ठेवलेला माणूस तिथेच राहिला. मालनच्या बाहेरच्या खोलीत खंडूंची खाट, आत सिद्धेश आणि त्याची नवी बायको श्रुतिका, ओट्याखाली चटईवर मालन. द्रौपदी एकोणिसाव्यावर स्वयंपाक करायची आणि डबा घेऊन तिसऱ्यावर यायची. मी चालू असले तर माझ्यातून, नाहीतर पायी. खंडू दिवसभर माझ्या दारासमोर खुर्चीत बसलेले असत. तिसऱ्यावर माझे दार उघडले की ते माझ्याकडे बघायचे. मी कोणाला घेऊन आले हे ते बघत नसत. नुसते आत बघायचे. दार लागले की पुढचे काही मला दिसत नसे.

एकदा मला दुरुस्त केल्यावर विशालने ठरवले, बाबांना आज घरी न्यायचे. द्रौपदीने घर पुसले होते. त्यांची नात तेजल दारात रांगोळी काढून बसली होती. खंडूंना माझ्यात उभे केले. नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये मी थांबले. दिवा गेला, पंखा गेला. विशालने दार ठोकले, हाका मारल्या. त्यांना बाहेर काढेपर्यंत बराच वेळ गेला. खंडू ओरडले नाहीत. पण त्यांचा डावा हात आरशाखालच्या दांडीवर असा आवळला होता की तो सोडवायला दोघे लागले. त्यानंतर खाली अंगणात जाण्यापुरते ते माझ्यात चढायचे. वर जायचे नाव काढले की मान हलवायचे.

मित्रांनो, अशी दोन वर्षे गेली. या काळात द्रौपदी रडताना मला कधी दिसली नाही. ती डबा धरून उभी राहायची, मजल्यांचे आकडे बदलताना बघायची. कोणी विचारले, "कसे आहेत काका?" की म्हणायची, "हायेत." श्रुतिकाला दिवस गेले तेव्हा मालनच्या घरात आणखी एक माणूस कुठे निजवायचे हे कोणी बोलून दाखवले नाही. पण एकदा सिद्धेश माझ्यात एकटाच होता, फोनवर हळू आवाजात म्हणाला, "काकांना जा कसं सांगणार यार? पण वाट लागलीय आमची." हे मी ऐकले. लिफ्टला ऐकू येते हे माणसांच्या लक्षात राहत नाही.

मग बिल्डरचा निरोप आला. सोसायटीचे अध्यक्ष विद्याधर यांनी अंगणात सभा बोलावली. त्या रविवारी मी तळमजल्यावर दार उघडे टाकून बंद पडले होते, म्हणून मला सगळे दिसले. माणसे मातीत चटया टाकून बसली होती. जागा पुरेना तेव्हा पोरांना कठड्यावर चढवले. खंडूंना त्यांच्या बाकावर बसवले होते, द्रौपदी शेजारी, मालन तिच्यापलीकडे.

विद्याधर सरळ माणूस. त्यांनी काही लपवले नाही. म्हणाले, "बिल्डर दोन नवीन लिफ्ट देतोय. चांगल्या कंपनीच्या, देखभालीसकट. बदल्यात इमारतीवर आणखी चार मजले चढवणार आणि ते विकणार. आणि त्या नव्या लोकांच्या गाड्यांसाठी ही पुढची जागा घेणार. इथे गाड्या वर चढवायचा मनोरा होईल. म्हणजे हे अंगण जाईल. आता बोला."

"नियमात बसतं का हे?" कोणीतरी विचारले.

"तो म्हणतो बसवतो."

"आत्ताच पाणी पुरत नाही ना? वर आणखी चार मजले?" मालनने विचारले.

"काकू, पाणी टँकरने येईल," विशाल उठून म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "माझा बाप दोन वर्षं दुसऱ्याच्या घरात खाटेवर आहे. तुम्ही ठेवलंत, तुमचे उपकार कसे फेडू? पण आणखी किती दिवस? मला लिफ्ट पाहिजे. बाकी काय जायचं ते जाऊ दे."

मालनने खाली बघितले. "उपकाराचा काय बोलतंस रे," ती पुटपुटली. पुढे विरोधात ती काही बोलली नाही. बोलली असती तर लोकांना ते तिच्या घरातल्या जागेबद्दलच वाटले असते, किंवा तिला स्वतःलाच तसे वाटले असते.

तेजल आणि तिच्या मैत्रिणी सभेच्या मागे लंगडी खेळत होत्या. कोणीतरी त्यांना गप्प बसवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या लिफ्टला एक सोय असते. माझ्यात झेपेल त्याहून जास्त माणसे चढली की मी किणकिणत राहते, आणि शेवटी चढलेला माणूस मुकाट्याने उतरेपर्यंत हलत नाही. कोणाला राग येत नाही. सगळ्यांना कळते की वजन झाले. त्या दिवशी अंगणात बसलेल्या एवढ्या माणसांकडे बघताना माझ्या मनात आले, जमिनीला अशी घंटा नाही. ती झेपते तेवढे झेलते आणि गप्प राहते.

विद्याधर म्हणाले, "बाजूने असतील त्यांनी हात वर करा." खूप हात वर झाले. द्रौपदीचाही झाला. तो वर करताना ती कोणाकडेच बघत नव्हती.

"विरोधात?"

थोडे हात वर झाले. त्यात एक खंडूंचा होता, डावा. तो हळूहळू वर आला आणि तिथेच राहिला.

विद्याधर थांबले. घर खंडूंच्या नावावर होते. ते अडखळत म्हणाले, "वहिनी, एका घराचं एक मत धरायचं असतं. तुमचं कोणतं धरू?"

सगळे द्रौपदीकडे बघू लागले. तिने नवऱ्याकडे बघितले. त्यांना प्रश्न कळला होता, की सगळे हात वर करतात म्हणून त्यांनीही केला होता, हे मला सांगता येणार नाही. तिलाही सांगता आले असते असे वाटत नाही. तिने त्यांचा हात मनगटाशी धरला, अलगद खाली आणला आणि आपल्या मांडीवर दोन्ही हातांत धरून ठेवला.

"त्यास्नी आता समजत न्हाई," ती म्हणाली. "माझं धरा."

 खंडूंनी हात सोडवून घेतला नाही.

ठराव मंजूर झाला. पावसाळ्याआधी अंगणाभोवती पत्रे लागले. बाक उचलला, माती खणली, खड्ड्यात सळ्या उभ्या राहिल्या. बहिणीला आणि मला शाफ्टमधून खाली उतरवले. तिचे तुकडे भंगारात गेले. माझे दोर आणि यंत्र काढून घेतले. माझा डबा मात्र वॉचमनला बसायला चौकी म्हणून गेटाजवळ आणून ठेवला. आकड्यांची पट्टी उखडली, तिथे नुसती भोके राहिली. दार काढून टाकले. आरसा फुटला होता, तो तसाच राहिला.

नव्या लिफ्ट खरेच झकास आहेत. ज्या दिवशी त्या सुरू झाल्या त्याच दिवशी खंडू एकोणिसाव्यावर गेले. मला गेटावरून दिसले नाही, लोकांच्या बोलण्यातून कळले. त्या रात्री मालनने खाट घडी करून भिंतीला लावली. श्रुतिकाची मुलगी जान्हवी आता त्या खोलीत रांगते. सगळ्यांना जे हवे होते ते मिळाले, असे म्हणता येईल.

वरचे चार मजले भरले. नवी माणसे वाईट नाहीत. सकाळी नव्या लिफ्टपुढेही रांग लागते, गेटापर्यंत येते. टँकर एकाचे तीन झाले. जिथे अंगण होते तिथे लोखंडी मनोरा आहे आणि त्यात मोटारी एकावर एक चढवतात. त्यांना वर न्यायला माझ्यापेक्षा कितीतरी दणकट लिफ्ट आहे. ती आजवर एकदाही बंद पडलेली नाही.

खंडू मात्र खाली येईनासे झाले. येऊन बसणार कुठे? द्रौपदी बाजारात जाता-येता गेटाशी थांबते, मालन भेटली तर दोघी उभ्याउभ्या बोलतात. पाठीमागून गाडीचा हॉर्न वाजतो. मग त्या बाजूला होतात आणि बोलणे राहून जाते.

मागच्या महिन्यात एका दुपारी दोघींनी मिळून त्यांना खाली आणले. फार दिवस झाले, जरा ऊन अंगावर पडू दे, असे मालनने ठरवले होते. खंडू बरेच वाळले होते. गेटापर्यंत आले आणि थांबले. जिथे बाक असायचा तिकडे त्यांनी बघितले. तिथे एक पांढरी गाडी मनोऱ्यात जाण्यासाठी थांबली होती. त्यांनी द्रौपदीच्या खांद्यावर भार टाकला.

"इथं बसवा ना काकांना," वॉचमन नितेश म्हणाला. तो माझ्यातल्या स्टुलावरून उठला, पाण्याची बाटली बाजूला केली.

त्यांना माझ्यात बसवले. त्यांनी वर बघितले, जिथे पंखा होता तिकडे. फुटक्या आरशात बघितले. मग डावा हात उचलून तो भिंतीवरच्या भोकांपाशी नेला.

"ए...को...णीस," ते म्हणाले.

द्रौपदी बाहेर उन्हात उभी होती. मालनने तोंड फिरवले.

"दाबलंय," द्रौपदी म्हणाली.

 एक टँकर आत आला, त्याच्या धक्क्याने माझा पत्रा हादरला. तसा खंडूंनी आरशाखालच्या दांडीला हात घातला. पण घट्ट आवळला नाही, नुसता ठेवला.

"आलं?" त्यांनी विचारले.

"येतंय," ती म्हणाली. "बसा निवांत."

मित्रांनो, मी आता कोणाला कुठे नेऊ शकत नाही, म्हणून सांगते आहे. तुम्ही मोठे व्हाल. शहरात माणसे आणखी वाढतील, त्यांना घरे लागतील, तुम्हीच कदाचित ती बांधाल. वर जरूर जा. माणसाला छप्पर मिळाले पाहिजे, यात वाद नाही. लिफ्ट लावाल तिला वेळच्या वेळी तेलपाणी करा, तिचे भाग दुसरीला काढून देऊ नका. आणि वर चढण्याआधी एकदा खाली बघा. थकलेल्या माणसाला टेकायला, पोरांना लंगडी घालायला, दोन बायकांना हॉर्न न ऐकता बोलायला मातीचा एक तुकडा राहिला आहे ना, हे बघून मग मजला चढवा. तो एकदा गेला की सभा घेऊन परत येत नाही.

इकडे गेटाशी अधूनमधून कोणी म्हातारे माणूस येते, बसायला जागा शोधते. नितेश उठून उभा राहतो. पण एका वेळी एकच. माझ्यात एकच स्टूल मावते.